सप्टेंबरचे चार खाडे

२१ जुलै १९९६, रविवार. सकाळी ९.४०

स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आजअखेर:

१. रेडिओ, तीन बँडचा (१९७१). अजून चालतो. पुणे केंद्र जरा खरखरतं. खरखर पुण्याची आहे, रेडिओची नाही.
२. व्होल्टेज स्टॅबिलायझर, नग दोन. एक घरी, एक मेजरसाहेबांच्या बंगल्यावर. आभार: निरंक.
३. टाकी भरली की वाजणारी घंटा. क्वार्टरांच्या लाईनीतल्या लोकांच्या तक्रारीवरून बंद. आता टाकी रोज वाहते, त्याबद्दल तक्रार नाही.
४. शिलाई मशीनला मोटर. पुष्पा (बायको) अजून पायानेच चालवते.
५. कॉम्प्युटर, ३८६. पुण्याच्या एका ऑफिसने मोडीत काढलेले दोन घेऊन त्यांचा एक केला. खर्च १३,८५० रु.
६. 'घरहिशोब' हा प्रोग्राम. संपूर्ण.

सहाव्याला अडीच वर्षं लागली. मी मॅट्रिक नापास. इंग्रजी पुस्तक टेबलावर, डिक्शनरी मांडीवर. आमच्या लष्करी डेपोत डिप्लोमावाले तीन आहेत. सेव्ह केल्याशिवाय मशीन बंद करायचं नसतं, हे तिघांना मी शिकवलं. प्रमोशन त्यांना.

आज शेवटची नोंद चढवली. चौदा वह्या, बावीस वर्षं. त्यात मुख्य म्हणजे तिसगावच्या पिठाच्या गिरणीत मी वेळोवेळी घातलेले पैसे. गिरणी दादा चालवतो (थोरला भाऊ, श्रीमंत). आता तो ती जागेसकट विकतोय. म्हणाला, तुझा आकडा काढून ठेव.

बेरीज मुद्दाम काढलेली नाही. आकडा डोक्यात असला की तोंडातून निसटतो. वेळ आली की बटण दाबायचं, पैशापर्यंत येईल.

पुष्पाने पाथर्डी रस्त्याला दीड गुंठा बघून ठेवलाय. बहात्तर हजार. सहा वर्षांनी रिटायर झालो की हे क्वार्टर सोडायचं, तेव्हा ट्रंका कुठं उतरवायच्या, हा तिचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. विचारायची वेळ मात्र रोज जेवतानाची.

२८ जुलै, रविवार

वह्या नष्ट केल्या. डेपोच्या नियमाने: आधी फाडणे, मग जाळणे, मग राख पाण्यात कालवणे. तिकडे तीन जणांचं बोर्ड बसतं आणि दाखल्यावर सह्या होतात. घरात तीन जण नाहीत. अध्यक्ष मी, सभासद मी, साक्षीदार पुष्पा.

पुष्पाचं म्हणणं, वह्या काय खायला मागतात का, राहू द्या ट्रंकेत. तिला समजावलं, की एका गोष्टीच्या दोन नोंदी ठेवल्या तर त्या कधी ना कधी एकमेकींशी भांडतात. शिवाय वह्यांना मनिऑर्डरच्या पावत्या डकवलेल्या, डिंकाने झुरळं येतात. तिने सही केली. सही करताना म्हणाली, उद्या वह्या कुठायत म्हणून मला विचारायचं नाही.

राख जास्वंदीला घातली. दाखला फाईलला लावला.

४ ऑगस्ट, रविवार

दादा आला. बाजरीचं पीठ आणलं होतं. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात घोटाळा झाला. 'घरहिशोब' उघडं होतं. पुष्पाने चहा देतादेता पडद्यावरचा बँकेचा शिल्लक आकडा दादाला वाचून दाखवला. कौतुकाने म्हणे.

बाहेर आलो तर दादा हसतोय. "गोरख, तुज्याकडं एवढं पडलंय, मंग माज्या गिरणीवर डोळा कशाला रं?" दोघं हसले. तो चेष्टेत बोलला हे मला कळतं. चेष्टेतूनच भाव पाडतात हेही कळतं.

निश्चय: कुलूप. या घरात दोन माणसं आहेत आणि त्यांतलं एक फुटतं.

११ ऑगस्ट, रविवार

कुलूप तयार. पासवर्ड आठ आकडी. तो मशीनमध्ये कुठेही लिहिलेला नाही. हिशोबच त्याच्या जोरावर असा कालवून ठेवलाय की दुसऱ्या वाटेने उघडला तर नुसता कचरा दिसेल. पासवर्ड चुकला की अर्धा मिनिट पडदा काळा. चोर कंटाळला पाहिजे. दर महिनाअखेर पासवर्ड बदलायचा, हाही डेपोचाच नियम.

आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता. अर्ध्या मिनिटाला एक धरली तर पंच्याण्णव वर्षं. इतका थांबणारा चोर भिंगारमध्ये नाही.

पुष्पाने विचारलं, आपल्याकडं चोर येऊन गिरणीचा हिशोब वाचणार?

१५ ऑगस्ट, गुरुवार

मूळ प्रोग्राम पुसला. कुलूप कसं केलं ते त्यात ओळीओळीने लिहिलेलं होतं. ते घरात ठेवणं म्हणजे कुलपालाच किल्ली बांधून ठेवणं. आता फक्त चालता प्रोग्राम उरला. तो कुणाला उलगडत नाही. मलाही नाही. याला म्हणतात काम.

झेंडावंदनाला डिप्लोमावाल्यांपैकी एकाला हे सांगितलं. तो म्हणाला, वा. लाडू खात म्हणाला.

३१ ऑगस्ट, शनिवार

पासवर्ड ठेवायचा कुठं? कागदावर नाही. डोक्यात नाही, कारण तोंड डोक्याला लागूनच आहे.

स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे. दूधवाली छबूबाई ज्या दिवशी येत नाही त्या तारखेवर पुष्पा पेन्सिलने फुली मारते. तो खाडा. महिन्याचे पैसे देताना तेवढे दिवस वजा. सगळ्या लाईनीत हीच पद्धत. मी ऑगस्टमध्ये चार फुल्या माझ्या वाढवल्या. चार तारखा, प्रत्येकीचे दोन आकडे, झाले आठ. माझ्या फुलीचा उजवा पाय किंचित लांब. दिवसातून वीस वेळा लोक बघतील आणि कुणाला काही कळणार नाही.

हे सुचायला डिप्लोमा लागत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ६.५०

छबूबाईचा दारात तमाशा. "म्या कवा चुकले? पाऊस म्हनू नका, ताप म्हनू नका, अकरा वर्सं झाली दूध घालतीय." पुष्पा म्हणाली, कॅलेंडरवर आहे, छबूबाई. पेन्सिल माझी, भिंत माझी, मी कशाला खोटं लिहीन? तेव्हा छबूबाई माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी तरी सांगा."

मी दाढी करत होतो. कॅलेंडरवर असेल तर असेल, म्हणालो.

चार दिवस, दीड लिटर, अकरा रुपये दर. सहासष्ट रुपये कापले. जाताना छबूबाई कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "लई शिकलेलं दिसतंय तुमचं क्यालेंडर."

वाईट वाटलं. पण गुप्ततेला किंमत असते.

२२ सप्टेंबर, रविवार

दादाचं पत्र. गिऱ्हाईक पक्कं झालं. २८ ऑक्टोबर, सोमवारी खरेदीखत. आदल्या दिवशी रविवारी गिरणीत चार भावकीची माणसं बसवतोय. 'तुझं जे काय असंल ते कागदावर घेऊन ये. समद्यांदेखत देतो. नंतर पैसा पोरांच्यात वाटला जाईल, मग माझ्या हातात काय राहनार न्हाई.'

पुष्पाने पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, आजच्या आज नगरला जाऊन छापून आणा. मी म्हणालो, छापलेला कागद महिनाभर घरात राहिला तर चार ऑगस्ट पुन्हा होईल. २६ तारखेला छापणार, २७ ला नेणार. कागद ताजा, आकडा ताजा.

३० सप्टेंबर, सोमवार

महिन्याच्या नोंदी चढवल्या. जुना पासवर्ड रद्द, नवा चालू. सप्टेंबरमध्ये चार फुल्या मारल्या. जुना विसरायचा, नवा पाठ करायचा नाही. पाठ करायला कॅलेंडर आहे.

६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ८.१५

कॅलेंडरवर सप्टेंबरात फुल्या दोनच. तेरा आणि चोवीस. दोन्ही पुष्पाच्या.

६ ऑक्टोबर. सकाळी ११

चौकशी पूर्ण. काल मी ड्युटीवर असताना छबूबाई आली. या वेळी भांडली नाही. हिशोब घेऊन आली. म्हणाली, "ताई, या लाईनीत माजी आठ घरं. सात घरांत खाडे दोन, तुमच्या एकट्याच्या घरात सा. म्हंजे चार दिस म्या सात घरी दूध घातलं आन तुमच्या दारावरून म्हशीगत डोळं मिटून गेले व्हय?" पुष्पा तिच्याबरोबर सातही घरी गेली. सात कॅलेंडरं बघितली. घरी येऊन चार फुल्या खोडल्या आणि पूर्ण पैसे दिले.

खोडरबर माझंच. चांगल्या प्रतीचं आहे. टॉर्च तिरपा धरून बघितलं, भिंग लावून बघितलं. कागदावर चरासुद्धा नाही.

कुठल्या तारखा होत्या, विचारलं. म्हणाली, ज्या चुकीच्या होत्या त्या.

६ ऑक्टोबर. दुपारी २

घाबरण्यासारखं काहीही नाही. नीट मांडलं.

सप्टेंबरचे दिवस ३०. खऱ्या खाड्याचे दोन वजा. उरले २८. त्यांतले चार, चढत्या क्रमाने. एकूण शक्यता २०,४७५. फक्त. कुठे दहा कोटी आणि कुठे वीस हजार. प्रत्येकीला अर्धा मिनिट: १७० तास ३७ मिनिटं ३० सेकंद. रोज बारा तास बसलो तर पंधराव्या दिवशी संपतं. बैठकीला एकवीस दिवस आहेत. सहा दिवस हातात.

उद्या रजेचा अर्ज. कारण: घरगुती हिशोब.

८ ऑक्टोबर, मंगळवार

पहाटे पाचला सुरुवात. ०१-०२-०३-०४. नाही. ०१-०२-०३-०५. नाही.

पुष्पाने विचारलं, हे काय चाललंय. सांगावं लागलं. सगळं. ती पोळपाटावर हात ठेवून ऐकत राहिली. मला वाटलं आता वह्यांचं काढणार, नाहीतर दीड गुंठ्याचं. तिचा पहिला प्रश्न: म्हणजे ऑगस्टचे छबूबाईचे सहासष्ट रुपये तुम्ही खाल्ले?

खाल्ले नाहीत, कापले गेले, असं मी स्पष्ट केलं. तिने डब्यातून पैसे काढले, चप्पल घातली, बाजारामागे छबूबाईच्या घरी गेली. तासाने आली. निरोप आणला: "भाऊंना म्हनावं, फुल्या मारायची हौस असंल तर सोताच्या हजेरीवर मारा."

या सगळ्यात साठ प्रयत्न बुडाले. दिवसअखेर ७९०.

१२ ऑक्टोबर, शनिवार

लाईट सकाळपासून गेलेली. वेळ वाया नको म्हणून फ्लॉपी घेऊन नगरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. मोनिका मॅडम म्हणून आहेत, वय तीसच्या आत, रीतसर शिकलेल्या. त्यांच्याकडे लाईट होती. अर्धा तास बघितलं. म्हणाल्या, "काका, मूळ प्रोग्राम द्या, काढून देते." पुसला म्हणालो. "का?" त्यात कुलूप कसं केलं ते लिहिलेलं होतं म्हणालो. त्यांनी फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "मग नाही निघणार. खरंच पक्कं केलंय तुम्ही."

पक्कं. हा त्यांचा शब्द, माझा नाही. म्हटलं, हे लेटरहेडवर लिहून द्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग लिहून दिलं. 'सदर माहिती पासवर्डशिवाय उघडता येत नाही.' सही, शिक्का. फी पन्नास रुपये.

पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाला मिळालेला हा पहिला कागद.

दरवाजापाशी त्यांनी विचारलं, "काका, कुलूप कुणासाठी केलं होतं?" रिक्षा आली होती. बसलो.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

६,१८८. अपेक्षेपेक्षा मागे. कारणे: लाईट (एकूण एकोणीस तास), मान, डोळे, आणि पुष्पा.

पुष्पाचं म्हणणं, आठवेल तेवढं सांगा की. मोटर तुम्ही घेतली, पत्रे तुम्ही घातले, मलासुद्धा आठवतंय. दादा काही नाही म्हणणार नाहीत. अंदाजे सांगा.

अंदाजे! एक नट कमी भरला तर मी ट्रक गेटबाहेर जाऊ दिलेला नाही. ब्रिगेडियर थांबून राहिलेत. आणि सख्ख्या भावासमोर, भावकीसमोर मी 'अंदाजे' म्हणू? उद्या तेच म्हणतील, गोरखने ठोकून दिलं. बावीस वर्षं चहाच्या कपाचीसुद्धा नोंद कशासाठी ठेवली मग?

ती म्हणाली, मला काय माहीत कशासाठी ठेवली. आणि कुकर लावायला गेली.

२१ ऑक्टोबर, सोमवार

दसऱ्याचं सोनं द्यायला लोक आले. उठलो नाही. ८,४०२.

एका मिनिटात दोन प्रयत्न होतात, पण दोन्हींच्या मधे पडदा काळा असतो. काळ्या पडद्यात स्वतःचं तोंड दिसतं. हे कुलूप करताना लक्षात आलं नव्हतं. पुढच्या वेळी हिरवा करीन.

२६ ऑक्टोबर, शनिवार

१२,१०६. आज छापायला जायचं होतं. छापण्यासारखं काही नाही.

तरी उद्या जाणार. मोनिका मॅडमचा कागद नेणार. आकडा अस्तित्वात आहे आणि तो सुरक्षित आहे, एवढं त्यावरून सिद्ध होतं. दादाने सोमवारचं खत चार आठवडे पुढे ढकलावं. रास्त मागणी आहे.

२८ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७

काल तिसगावला जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

गिरणी बंद, पट्टा उतरवलेला. पोत्यांवर माणसं बसलेली. दादा, दादाची दोन मुलं, सहादेव काका, भावकीतले आणखी दोघं. पुष्पा बायकांबरोबर आत. मी कागद दिला. सहादेव काकांनी मोठ्याने वाचला. वाचून उलटा केला. मागे कोरा. "आकडा कुठंय रं यात?" मी म्हणालो, आकडा आत आहे. "कुठं आत?" कॉम्प्युटरच्या आत. "मंग तू भाईर का आलास?"

हसले सगळे. दादाचा धाकटा जास्त हसला. दादाने त्याला गप्प केलं.

मग दादा बोलायला लागला. कागद नाही, वही नाही, चष्मासुद्धा नाही. बोटांवर. "शहात्तर सालात मोटर, सा हजार. गोरखनं दिलं. ऐंशीला पत्रं, नऊ हजार, त्यो सोता टेम्पोत बसून घेऊन आल्ता. लाईटीच्या कनेक्शनाला अकरा. शहाऐंशीला मागची जागा घेतली, तीस दिलं ह्यानं, पुष्पाच्या पाटल्या मोडून. नव्वदला चक्की बदलली, पंधरा." पाटल्यांचं मी विसरलो होतो. वहीत 'इतर जमा' असं लिहिलं असणार.

"एकाहत्तर झालं," दादा म्हणाला. "वर नऊ माजं. बावीस वर्सं ह्या पोरानं कवा मागितलं न्हाई. समद्यांदेखत सांगतो, ही गिरणी गोरखच्या जिवावर उभी ऱ्हायली." काका म्हणाले, व्हय, ते खरं हाय. इसाराच्या पैशांचं पुडकं दादाने फडक्यातून सोडून पोत्यावर ठेवलं.

मी म्हणालो, मोटर सहा हजाराची नव्हती. पाच हजार आठशे आणि काही. टेम्पोचं भाडं पत्र्यात धरलं की वेगळं? एकाहत्तर हा गोल आकडा आहे आणि खरा हिशोब कधीच गोल नसतो. माझा आकडा याहून जास्त असेल तर मी फसलो. कमी असेल तर दादा फसला. मला दोन्ही चालत नाही. आठ हजार तीनशे एकोणसत्तर प्रयत्न उरलेत, तेवढे होऊ द्या.

दादा म्हणाला, "गोरख, घे की बाबा. खत उद्या हाय."

मी घेतलं नाही. अंदाजाचे पैसे मी घेत नाही.

दादाने फडक्याला पुन्हा गाठ मारली. त्याला दोन वेळा मारावी लागली.

एसटीत पुष्पा खिडकीशी बसली. करंजीचा घाट उतरलो. पुढे दीड गुंठा आला तेव्हा तिने मान दुसरीकडे केली. पुढे एवढंच म्हणाली, माझ्या पाटल्या दादांना आठवत होत्या.

आज रजा संपली. डेपो. संध्याकाळी सहा ते नऊ बसणार. सुट्टीच्या दिवशी पूर्ण.

३ नोव्हेंबर, रविवार

१४,९५०. खत झालं असं कळलं. दादाच्या मुलांपैकी एकाने ट्रॅक्टर बुक केला, दुसऱ्याने घराचा पाया काढला. चौकशी केली म्हणून कळलं. मला काही नाही त्याचं.

१० नोव्हेंबर, रविवार

लक्ष्मीपूजन. पुष्पाने पाटावर कॉम्प्युटर ठेवू का विचारलं. चेष्टा होती की काय, कळलं नाही. कीबोर्डला हळदकुंकू लावलं. ५ ची कळ आता चिकटते.

१७,८००. दिवाळीची सुट्टी असल्यामुळे वेग उत्तम.

छबूबाईने फराळाचं ताट घेतलं, दूध घातलं, आणि आत डोकावून पुष्पाला म्हणाली, "भाऊंचा खाडा अजून घावला न्हाई व्हय?" मी लक्ष दिलं नाही. १७,८०१.

१७ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.१०

२०,४७५. शेवटचा, २७-२८-२९-३०. अर्धा मिनिट थांबलो. नाही.

म्हणजे सगळे झाले. म्हणजे मधे कुठेतरी माझं बोट चुकलं. हे शक्य नाही. किंवा ३० सप्टेंबरला मारलेल्या चार फुल्यांपैकी एक पुष्पाच्या खऱ्या फुलीवरच पडली. हेही शक्य नाही. तेव्हा निष्कर्ष एकच, की कुलूप उत्तम आहे.

पुष्पाने विचारलं, झालं का? झालं म्हणालो. उघडलं का, हे तिने विचारलं नाही. चहा ठेवला.

'घरहिशोब' बंद असल्याने ऑक्टोबरची एक नोंद राहून गेली आहे. ती इथे हाताने करून ठेवतो.

दि. २७-१०-९६. मु. तिसगाव. श्रीमंतदादाने चार माणसांसमोर देऊ केले, मी नाकारले: रु. ८०,०००/-. अक्षरी रुपये ऐंशी हजार फक्त.